एकतिसावी ओळ

रावसाहेब खोतांचा उजवा हात कोपरापासून तुटून साच्यांच्या पट्ट्यावर पडला, आणि त्याच मिनिटाला माझ्या टेबलावरच्या पडद्यावर ११.८ चे १२.१ झाले. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव सांगत नाही. बावीस वर्षं या फौंड्रीत हिशेब लिहितेय. आकडा वाचण्यात माझी चूक होत नाही.

भोंगा केकाटत होता, पण पट्टा काही थांबला नव्हता. मी जिन्यावरून धडपडत खाली गेले. वाळू, धूर, नुसता आरडाओरडा. खोत पट्ट्याशेजारी चक्क मांडी घालून बसले होते आणि आपल्या दंडाकडे बघत होते. रक्ताची चिळकांडी समोरच्या खांबापर्यंत जात होती. माझा धाकटा भाऊ सन्मती गुडघ्यांवर बसून अंगातल्या शर्टानं तो दंड आवळत होता. तुटलेला हात मात्र पट्ट्यावरून निवांत पुढं पुढं चालला होता. सन्मतीबरोबर ओतकाम करणारा दिलावर मुल्ला धावत गेला, त्यानं तो उचलून आणला, पोत्यावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून भडाभडा ओकला.

"अक्का, ओढणी दे!" सन्मती ओरडला. मी दिली. ती करकचून बांधली आणि माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "सहा महिन्यांत चौथा एकतीस."

आमच्या फौंड्रीत अपघाताला एकतीस म्हणतात. कामगारांना वाटतं, पूर्वी कधीतरी एकतीस तारखेला कुणी मेलं असेल, म्हणून तो शब्द पडला. शब्द गेला होता ऑफिसातूनच, माझ्या टेबलावरून. त्याचा खरा अर्थ दोघांनाच ठाऊक होता, एक मालक आणि दुसरी मी.

*

आता जुळव्या म्हणजे काय ते सांगते, कारण पेपरवाल्यांनी त्याचा पार राक्षस करून टाकलाय. राक्षस-बिक्षस काही नाही. जुन्या शीटमध्ये एक सोय होती. उत्तर आधी ठरवायचं आणि कुठला आकडा किती केला म्हणजे ते उत्तर येईल, हे शीटलाच विचारायचं. शीट आकडे खालीवर करून सांगायचं. पण ते सगळं पडद्यावर. जुळव्यानं तेच काम पडद्याबाहेर आणलं. भट्टीची वीज, क्रेनची मोटर, पट्ट्याचा वेग, भंगाराची खरेदी, दुरुस्तीचं वेळापत्रक, पाळीवर किती माणसं घ्यायची, सगळं त्याला जोडून दिलं. शीटमधला एक चौकोन त्याला नेमून दिला आणि सांगितलं, इथं बारा दिसले पाहिजेत. दर दहा सेकंदांनी तो शीट वाचतो आणि बारा दिसेपर्यंत कारखाना बदलत राहतो. म्हणून त्याचं नाव जुळव्या.

तो चौकोन म्हणजे ऑपरेटिंग मार्जिन. यात अवघड काही नाही. शंभर रुपयांचा माल विकला. भंगार, वाळू, वीज, पगार, दुरुस्ती, अगदी ऑफिसचा चहासुद्धा, म्हणजे धंदा चालवायला जे जे लागलं ते त्यातून वजा केलं. उरले बारा. त्याला विक्रीनं भागलं, शंभरानं गुणलं, झाले बारा टक्के. बँकेचं व्याज आणि सरकारचा कर या रेषेच्या खाली येतात, कारण ते धंदा चालवण्याचा खर्च नव्हेत. माझ्या शीटमध्ये ही रेष अठ्ठाविसाव्या ओळीवर आहे. एकोणतीस व्याज, तीस कर, आणि एकतीस 'असाधारण बाबी'.

असाधारण म्हणजे महापूर, आग, असलं कधीतरीच घडणारं. नऊ वर्षांपूर्वी एका कामगाराची तीन बोटं गेली. भरपाई द्यावी लागली. तेव्हा मालक, विश्वजित इंगवले, मला म्हणाले होते, "पद्माताई, हे वर दाखवलं तर बँक कटकट करील. एकतीसमध्ये टाका की." मी टाकलं. एका ओळीनं कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटलं. त्यानंतर प्रत्येक तुटलेलं बोट, प्रत्येक भाजलेला पाय मी तिथंच लिहीत गेले.

जुळव्या बसवायला पुण्याहून इंजिनिअर आला तेव्हा त्याला तीच फाइल दिली. त्यानं सरळ विचारलं होतं, "मॅडम, रेषेखालचं काही मोजायचंय का?" मी चहा ओतत होते. मान वर न करता म्हटलं, "नाही, ते नको."

खोतांना दवाखान्यात पोचवून आल्यावर मी जुळव्याच्या नोंदी काढून वाचल्या. पट्ट्याची जाळी तुटली होती, ती बदलणं पुढं ढकललं, कारण दुरुस्ती सोळाव्या ओळीत, रेषेच्या वर. पट्ट्यावर दोन माणसं होती, एक कमी केला, कारण पगार बाराव्या ओळीत. क्रेनच्या ब्रेकचं अस्तर झिजलेलं, पाच महिने बदललेलं नाही. आणि खोतांचा हात? तो रेषेखाली. जुळव्याच्या दृष्टीनं त्या हाताची किंमत शून्य होती, आणि ते शून्य मी लिहिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदींचा गठ्ठा घेऊन मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. न बसताच बोलले.

"साहेब, एकतीस वर घ्यायला पाहिजे."

"घेतलं तर मार्जिन किती?"

"सात पूर्णांक दोन."

ते हसले. "ताई, कंपनी विकत घेणारे पंधरा दिवसांत सही करणार आहेत. त्यांचा भाव बारा टक्क्यांवर ठरलाय. सात बघून ते आल्या पावली परत जातील. पंधरा दिवस कळ काढा. मग ती ओळ कुठं न्यायची तिथं न्या."

"पंधरा दिवसांत आणखी एक जाईल!" माझा आवाज चढला. "माणसं आहेत ती, भंगार नव्हे!"

"तुमचा भाऊ ओतकामावर आहे म्हणून तुम्हाला एवढा पुळका. बरोबर ना?" त्यांनी कोरा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि सही ठोकली. "घ्या. सन्मतीची स्टोअरमध्ये बदली. आजपासून."

तो कागद त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. मला राग लगेच येतो, सगळ्या फौंड्रीला ठाऊक आहे. पण सन्मती सात वर्षांचा होता तेव्हा आई गेली. त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, याच फौंड्रीत नोकरीला लावलं, सगळं मी. लग्न केलं नाही ते त्याच्यापायी, असं लोक म्हणतात आणि ते खरं आहे. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. आजही लाज वाटते.

घरी जेवताना तो कागद सन्मतीपुढं सरकवला. त्याची बायको त्रिशला तव्यावर भाकरी टाकत होती.

"स्टोअर?" तो म्हणाला. "आणि माझ्या जागी कोण उभा राहणार? दिलावर एकटा?"

"कोण का राहीना, मला काय करायचंय!"

"अक्का, काय बोलतीस तू?"

"खरं तेच बोलतेय. तू जायचं नाहीस तिथं."

"का पण? असं काय आहे तिथं जे तुला माहिती आहे आणि आम्हाला नाही?"

मग मी सांगितलं. सगळं. ओळ, रेष, शून्य, पुण्याचा इंजिनिअर, माझा चहा. त्याला पहिल्यांदा कळेना. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खोतकाकांचा हात तुझ्या शीटमध्ये फुकट?"

"हो."

"आणि माझा?"

तो ताटावरून उठला. त्रिशला मागून "अहो, जेवून तरी जा" म्हणत राहिली, पण तो चपला घालून बाहेर पडलासुद्धा. घरोघरी जाऊन त्यानं सगळ्यांना सांगितलं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं एकत्र आत घुसली. साठ-सत्तर जण. सन्मतीच्या हातात पहार होती. मी वरच्या काचेच्या ऑफिसातून बघत होते.

फोरमन आडवा आला. कुणीतरी त्याच्या तोंडावर फावडं मारलं, तो नाक धरून कोसळला आणि लोक त्याच्या अंगावरून पुढं गेले. मग जुळव्याच्या पॅनेलवर पहारी पडायला लागल्या. काच, पत्रा, तारा, ठिणग्या. सन्मती आणि काही जण पट्ट्यावर चढून साचेही फोडत होते. "फोड! आणखी फोड! आमचा हात फुकट काय रे, भडव्या!" प्रत्येक घावाला आरोळी उठत होती. खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. माझ्यासुद्धा मुठी वळल्या होत्या.

पण पॅनेल म्हणजे जुळव्या नव्हे. जुळव्या कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या सर्व्हरवर होता. त्या पॅनेलवर फक्त एक गोष्ट कामाची होती, सगळं जागच्या जागी थांबवणारं लाल बटण. रागाच्या भरात त्यांनी नेमकं तेच फोडलं.

तेव्हा भट्टीपाशी सहा टन वितळलेल्या लोखंडाची बादली नुकतीच भरून झाली होती. बादलीतलं लोखंड नऊ मिनिटांत ओतावं लागतं, नाहीतर गोठतं, बादली जाते, पट्टा दोन दिवस बंद पडतो. जुळव्याच्या हिशेबात हा तोटा रेषेच्या वरचा. त्यानं क्रेन हलवली. पुढचे साचे समोर आणण्यासाठी पट्ट्याला जोराचा हिसका दिला. सन्मती पट्ट्यावर उभा होता. दोन लोखंडी पेट्यांच्या मध्ये त्याचा पाय गुडघ्यापर्यंत चिरडला. त्याची किंकाळी काचेतून वरपर्यंत आली.

दिलावर आणि आणखी तिघं त्याला ओढायला धावले. बाकीचे पळत सुटले. वरून बादली सरकत सरकत येत होती, आणि तिच्याखालचे साचे तर पहारींनी आधीच फुटलेले. ओतलं की लोखंड थेट माणसांवर.

विश्वजितसाहेब धापा टाकत ऑफिसात शिरले आणि भिंतीवरच्या मेन स्विचकडं झेपावले.

"हात लावू नका!" मी ओरडले. "ब्रेकचं अस्तर गेलंय! वीज गेली की बादली सरळ खाली येईल!"

"सरका बाजूला!"

"अहो, सगळे मरतील!"

त्यांनी मला ढकललं. मी टेबलावरचं लोखंडी पंच मशीन उचललं आणि स्विचवर गेलेल्या त्यांच्या हातावर हाणलं. एकदा, मग पुन्हा. बोटं मोडल्याचा आवाज आला. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी खुर्चीत बसले.

एकतिसावी ओळ उचलली. अठ्ठाविसाच्या वर आणून टाकली. आजवर नऊ वर्षांत जे केलं नाही त्याला चार सेकंद लागले. जुळव्यानं लगेच चौकट उघडून विचारलं, 'प्रति इसम दर?'

आता माझ्या धंद्याची सवय सांगते. रकमेची चौकट समोर आली की आम्ही आधाराशिवाय आकडा टाकत नाही. बिल असेल तर बिलाचा, कोष्टक असेल तर कोष्टकाचा. नऊ वर्षं सगळ्या भरपाया मीच काढत होते, भरपाईचं कोष्टक मला तोंडपाठ होतं. सन्मतीचं वय अडतीस. अर्धा पगार गुणिले वयाचा गुणक. माझी बोटं आपोआप चालली. चौदा लाख एकवीस हजार सातशे. एंटर.

बादली थांबली.

थांबली! मी काचेशी धावले. "सुटला रे बाळा, सुटला!" असं काहीतरी ओरडले. सन्मतीनं वर बघितलं. त्याला मी दिसले असणार.

मागं पडद्यावर अक्षरं आली होती. 'हलू न शकणारे इसम एक. भरपाई १४,२१,७००. ओतणे थांबवल्यास नुकसान २३,६०,०००. ओतणे चालू.'

मी वाचेपर्यंत भोंगा वाजला, बाकीच्यांनी दूर व्हावं म्हणून. तिघांनी हात सोडला. दिलावरनं सोडला नाही. बादली कलली. पांढरं लोखंड फुटक्या साच्यांवरून उसळत पट्ट्यावर आलं. सन्मतीनं दिलावरच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला, तेवढ्यानं दिलावर मागं पडला. तरी त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत जळाले. सन्मती कमरेपासून पेटला. त्याच्या अंगातलं पाणी लोखंडाला लागून फटफट फुटत होतं. तो ओरडला नाही, ओरडायला वेळच मिळाला नाही.

मी नवाचं बटण दाबून धरलं. नऊ, नऊ, नऊ, चौकटीत मावेनासे झाले तरी सोडलं नाही. एंटर मारलं. त्याच क्षणी बादली सरळ झाली, मागं फिरली, सांडखड्ड्यावर जाऊन उरलेलं चार टन लोखंड तिनं सावकाश, एक थेंब न उडवता रिकामं केलं. मग भट्टी बंद झाली. पट्टा बंद झाला. मोजायला एवढा मोठा आकडा समोर असताना जुळव्याला माणसांच्या आसपास एक मोटरसुद्धा फिरवणं परवडत नव्हतं.

*

चौकशीला तीन अधिकारी आले. त्यांनी मला विचारलं, चौदा लाख एकवीस हजार सातशे हा आकडा कुठून आणला. मी कोष्टक दाखवलं. मोठ्या अधिकाऱ्यानं कॅल्क्युलेटरवर गणित करून बघितलं, शेजाऱ्याला दाखवलं, आणि माझ्याकडं वळून समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मॅडम, आकडा अगदी बरोबर आहे. तुमच्याकडून चूक झालेली नाही." मी उठून त्याच्या कॉलरला धरलं. दोघांनी मिळून मला सोडवलं.

इंगवल्यांची कंपनी विकली गेली नाही. जुळव्या बनवणाऱ्यांनी आता नियम केलाय, 'प्रति इसम दर' भरल्याशिवाय तो सुरूच होत नाही. निरनिराळ्या कारखान्यांतले हिशेबनीस मला फोन करतात. ताई, किती टाकावा? जास्त टाकला तर मशीन हलत नाही, कमी टाकला तर... मी फोन ठेवून देते.

भरपाईचा चेक महिन्याभरानं आला. त्रिशला स्वयंपाकघरात होती, पोळ्या लाटत होती. तिनं पाकीट उघडून आकडा वाचला. ती फार शिकलेली नाही, पण आकडा तिनं नीट वाचला, दोनदा वाचला.

"अक्का, तुम्ही त्या दिवशी हाच टाकला होता?"

"हो."

"किती टाकला असता तर थांबलं असतं?"

तिला खोटं सांगता आलं असतं. "तेवीस लाख साठ हजारांच्या वर," मी म्हटलं. "एक रुपया जास्त असता तरी."

तिनं मनातल्या मनात वजाबाकी केली. तिचे ओठ हलताना दिसत होते.

"तुम्हाला त्याची किंमत येत नव्हती, तर मला विचारायची होती," ती म्हणाली. "खाली मी नव्हते, पण फोन होता की माझ्याकडं. मी सांगितली असती."

"त्रिशला..."

तिनं हातातलं लाटणं माझ्या तोंडावर मारलं. जोरात, सगळा जीव लावून. ओठ फाटला, एक दात तुटून जिभेवर आला. मी भिंतीला टेकले. ती समोर उभी होती, आणि लाटणं पुन्हा वर गेलं होतं.

मी चष्मा काढून ओट्यावर ठेवला आणि तिच्याकडं तोंड करून उभी राहिले.